चला, सावित्रीच्या काठाकाठाने!

दोस्तांनो, महाबळेश्वर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं जुनं दगडी देऊळ आहे. तिथे दगडी गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडत असते. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम इथे मानतात. आपण ओंजळभर पाणी पितो, ‘किती गार आहे!’ म्हणतो आणि मका खायला निघून जातो. पण ते पाणी पुढे कुठे जातं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेकडे वळतात. वेण्णा आणि कोयना वाटेत कृष्णेला मिळतात आणि मग कृष्णाबाई महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा जवळजवळ १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला भेटते. सावित्रीचं सगळंच उलटं. ती वळली पश्चिमेला. तिकडे समुद्र सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरवर! वळणं-वाकणं धरूनही तिचा सगळा प्रवास जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. म्हणजे एकीला जायला अर्धा देश ओलांडावा लागतो आणि दुसरी दोन जिल्ह्यांची हद्द धरून समुद्रात पोचतेसुद्धा.

याची एक गोष्ट सांगतात. ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला, पण सावित्रीला यायला उशीर झाला, म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवलं. सावित्री आली, बघते तर काय! तिने रागाने देवांना शाप दिला की, तुम्ही सगळे नद्या व्हाल. मग विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. आणि सावित्री स्वतः? तिने रागाच्या भरात पश्चिमेच्या कड्यावरून उडी घेतली!

गोष्ट गोष्टीच्या जागी. पण ज्याने कोणी ती रचली, त्याने हा कडा नीट पाहिलेला होता, एवढं नक्की. तुम्हीही बघा. ‘आर्थर सीट’ नावाचा पॉइंट सगळ्यांना माहीत असतो. तिथून खाली जी खोल, निळसर, पोटात गोळा आणणारी दरी दिसते ना, ती सावित्रीची. दरीतून वारा इतक्या जोरात वर येतो की हलकी वस्तू खाली टाकली तर ती पुन्हा वर उडून येते. ही गंमत पाहण्यासाठी लोक बाटल्यांची बुचं, कागद, वेष्टनं टाकत राहतात. सगळीच वर येत नाहीत, बरं का. उरलेली कुठे जातात, ते आपल्याला पुढे समजेल.

या पॉइंटला ज्याचं नाव दिलं, तो आर्थर मॅलेट नावाचा इंग्रज अधिकारी. त्याची बायको आणि तान्ही मुलगी याच सावित्रीच्या मुखाशी होडी उलटून बुडाल्या आणि तो पुढे इथे बसून त्या दरीकडे बघत राही, असं सांगतात. नदीच्या उगमापाशी बसून तिच्या मुखाची आठवण काढणारा माणूस! आपण आता त्याच मुखाकडे निघालो आहोत.

उतरायला आहे आंबेनळी घाट. उजवीकडे-डावीकडे वळणं घेत, प्रतापगडाचा फाटा मागे टाकत गाडी पोलादपूरला येते. पोटातलं डुचमळणं थांबतं आणि मग ध्यानात येतं, की तासा-दीड तासात आपण हजार-बाराशे मीटर खाली आलो! नदीही तशीच येते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात पडतो त्याच्या सात-आठ पट. त्यातला पश्चिम उतारावरचा पाऊस या उभ्या घसरगुंडीवरून धावत सुटतो. वाटेत त्याला दम खायला ना मोठं मैदान, ना तळं. पोलादपूरला ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे, आणि जवळच उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. वेळ असेल तर दोन्ही बघा. आपण पुढे महाडला जाऊ, कारण महाडला थांबल्याशिवाय सावित्री समजत नाही.

महाड समुद्रापासून पन्नासेक किलोमीटर आत आहे. तरीही एके काळी ते बंदर होतं! कसं काय? तर भरतीचं पाणी खाडीतून थेट इथवर चढतं. भरतीबरोबर गलबतं वर यायची आणि ओहोटीबरोबर माल घेऊन खाली जायची. वल्ही कमी मारायची, चंद्राकडून काम करून घ्यायचं. बंदर होतं म्हणून व्यापारी होते, आणि व्यापारी होते म्हणूनच बहुधा गावाशेजारच्या गांधारपाल्याच्या डोंगरात दीड-दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली गेली. हमरस्त्यावरून ती दिसतात. पायऱ्या चढून वर जा आणि मागे वळून बघा, नदीचा सगळा पट्टा दिसतो. नशीब जोरावर असेल आणि थंडीचे दिवस असतील, तर महाडजवळ नदीकाठी ऊन खात पडलेल्या मगरीही दिसतात. खऱ्या मगरी! तेव्हा पाण्यात पाय सोडून बसायचा बेत रद्द.

महाडलाच चवदार तळं आहे. इयत्तेच्या पुस्तकात तुम्ही त्याबद्दल वाचलं असेल, पण तळ्याच्या काठावर उभं राहून वाचलेलं आठवणं वेगळं. जरा विचार करा. हे गाव सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या संगमावरचं. पाऊस असा, की छत्र्या थकतात. आणि अशा गावात काही माणसांना तळ्याचं पाणी घ्यायला बंदी होती! गुरं तिथे पाणी पीत, पक्षी पीत. पण अस्पृश्य मानलेल्या माणसांनी प्यायचं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन इथे आले आणि त्या ओंजळभर पाण्याने इतिहास घडवला. पुढे दहा वर्षं खटला चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, हे तळं सर्वांना खुलं राहील, असा निकाल दिला. ओंजळ तीच, जी आपण पंचगंगेच्या देवळात सहज पुढे केली होती.

आता महाडच्या पुराविषयी. हे जरा नीट समजून घेऊ या. घरी एक प्रयोग करा (आईला विचारून, आणि न्हाणीघरातच!). बादलीच्या तळाशी एक छोटं भोक असलं आणि वरून नळ बारीक सोडला, तर बादली भरत नाही. नळ पूर्ण सोडला तर भरते. आणि त्याच वेळी कुणी खालून भोकावर बोट ठेवलं तर? क्षणात उतू जाते. महाडचं असंच आहे. सह्याद्रीवरून सावित्री धावत येते, रायगडाकडून गांधारी आणि काळ या नद्या येतात. हा झाला नळ. पुढे खाडीत गाळ साचला असेल, तर भोक लहान होतं. आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली, तीही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची, तर भोकावर बोट!

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री अशाच पुरात मुंबई-गोवा महामार्गावरचा इंग्रजांच्या काळातला जुना दगडी पूल वाहून गेला. दोन एस.टी. बसगाड्या आणि इतर वाहनं अंधारात सरळ नदीत कोसळली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. काहींचे देह तर कित्येक किलोमीटर दूर, खाडीत आणि समुद्राजवळ मिळाले. पण त्या रात्रीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाला दिसलं, की गाड्यांचे दिवे पुलाकडे जातात आणि एकाएकी नाहीसे होतात. तो भर पावसात रस्त्यावर धावला आणि त्याने मागून येणारी वाहनं थांबवली. त्यामुळे आणखी किती जण वाचले असतील, याचा हिशेब कोण करणार? पुढच्या पावसाळ्यापूर्वी, जून २०१७ मध्ये नवा पूल उभा राहिला. तरी २०२१ च्या जुलैमध्ये महाडच्या बाजारपेठेत पुन्हा पाणी शिरलं, आणि असं शिरलं की लोकांना वरच्या मजल्यांवर, छपरांवर रात्र काढावी लागली. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगराची दरड कोसळली.

मी हे सांगतोय ते तुम्हाला घाबरवायला नव्हे. लांबलचक नदीला चूक पोटात घालायला वेळ असतो. सावित्रीला तो नाही. वर डोंगरावर झाडं तुटली, माती सुटली, की तो गाळ थोड्याच दिवसांत खाली खाडीत. महाडजवळ रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. पाण्याचा रंग बदलला, मासे मेले, अशा तक्रारी खाडीकाठच्या कोळ्यांनी वर्षानुवर्षं केल्या आहेत. आणि कड्यावरून भिरकावलेलं ते बाटलीचं बूच? पावसाळा आला की तेही निघालं समुद्राला.

महाडच्या पुढे मात्र नदीचा स्वभाव बदलतो. दासगावच्या पुढे, आंबेतच्या पुढे ती रुंद होत जाते. दोन्ही बाजूंनी गर्द झाडीच्या टेकड्या, पाण्याच्या कडेला खारफुटी, चिखलात एका पायावर उभे बगळे. मघाची तणतणत निघालेली सावित्री ती हीच का, असा प्रश्न पडावा! आता तिचं नावही बदललं. लोक म्हणतात बाणकोटची खाडी. खाडीच्या उत्तरेला रायगड जिल्हा, दक्षिणेला रत्नागिरी.

उत्तर टोकाला आहे हरिहरेश्वर. देवदर्शन झालं की लोक प्रदक्षिणेला निघतात आणि ही प्रदक्षिणा साधीसुधी नाही. टेकडी चढायची, मग डोंगराच्या चिरेतून पायऱ्या उतरायच्या आणि एकदम समोर समुद्र! पायाखाली लाटांनी घासून सपाट केलेला खडक, बाजूला कडा, आणि कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी हजारो भोकं. कुणी कोरली? मिठाने. समुद्राचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, मिठाचे खडे तयार होतात, फुगतात आणि दगडाचा एकेक कण सुटा करतात. हजारो वर्षं हे काम बिनआवाज चाललं आहे.

पण इथे एक पक्कं लक्षात ठेवा. भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात ही वाट धोक्याची. ऊन लख्ख असतं, समुद्र शांत दिसतो आणि एखादी मोठी लाट अचानक खडकावर चढते. इथे माणसं वाहून गेली आहेत. ‘थांबा’ अशी पाटी असली किंवा गावकरी नको म्हणाले, तर बाबा कितीही उत्साहात असले तरी त्यांना हात धरून मागे आणा.

भरती कधी आहे हे काढायची एक युक्ती कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला ना मोबाइल लागतो ना यंत्र. भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. आजची तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, म्हणजे तीनने गुणून चारने भागायचं. आज पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पूर्ण भरती पहाटे पावणेचारच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी पावणेचारच्या सुमारास. त्यांच्या मधोमध, दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. आहे की नाही गंमत? वेळ थोडी पुढे-मागे होते, म्हणून गावातल्यांना विचारायचंच. पण आधी आपलं उत्तर काढून मग विचारलं, तर आजोबा खूश होतात!

हरिहरेश्वराच्या उत्तरेला श्रीवर्धन, भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. खाडीपलीकडे दक्षिणेला वेळास, नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं गाव. भट आणि भानू ही दोन कुटुंबं बरोबरच कोकण सोडून घाटावर गेली. एकाच नदीच्या मुखाच्या दोन बाजूंची ही दोन शेजारी गावं, आणि पुढे शंभर वर्षं पुण्याचा कारभार त्यांच्या हातात. सावित्रीच्या काठाने पावनखिंडी लढवल्या नसतील, पण हिशेबाच्या वह्या मात्र जोरात चालवल्या.

खाडी ओलांडायला बागमांडल्याहून वेशवीला फेरीबोट आहे. गाडीसकट बोटीत चढायचं, उतरून कठड्याशी उभं राहायचं आणि खारा वारा खायचा. प्रवास पंधरा मिनिटांचा, पण मुलांना विचाराल तर सहलीतला हाच भाग सर्वांत भारी! डावीकडे-उजवीकडे बघत राहा. नदीने एवढ्या लांबून आणलेला गाळ आणि समुद्राने ढकललेली वाळू या मुखापाशी एकमेकींना भिडतात आणि पाण्याखाली वाळूचा दांडा तयार होतो. वरून काही दिसत नाही, पण त्यावर लाट फुटते. मॅलेटच्या होडीची गोष्ट आठवली ना? अशा दांड्यांवरून होडी हाकायची तर पाण्याची नाडी ओळखणारा नाखवाच हवा.

पलीकडच्या टेकडीवर बाणकोटचा किल्ला. हिंमतगड हे त्याचं नाव. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो घेतला आणि नाव ठेवलं ‘फोर्ट व्हिक्टोरिया’. इथे पुष्कळ जण फसतात. ते म्हणतात, राणीचं नाव दिलं. पण व्हिक्टोरिया राणी जन्मली १८१९ साली! चौसष्ट वर्षं आधी तिचं नाव कोण देणार? परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण काकांना विचारून बघा. जांभ्या दगडाच्या तटावर उभं राहिलं की एका बाजूला खाडी, समोर हरिहरेश्वराच्या टेकड्या आणि पश्चिमेला उघडा समुद्र. खाडीत कुणाचं जहाज शिरलं, कुणाचं बाहेर पडलं, सगळं इथून दिसणार. किल्ला इथेच का बांधला, हे वेगळं सांगायला नको.

आणि आता वेळास. सुरूची झाडं, लांबच लांब वाळू, नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि हिवाळ्याच्या रात्री अंधारात समुद्रातून येणारी एक पाहुणी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी कासव! ती सरपटत भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी दीड-एक फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून, अंगाने थोपटून खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्लांचं तोंडही ती पाहत नाही. उरलेलं काम उबदार वाळू करते. वाळू जास्त तापलेली असेल तर पिल्लं माद्या होतात, तुलनेने गार असेल तर नर. म्हणजे दरवर्षी उन्हाळा कडक होत गेला तर काय होईल, विचार करा.

पूर्वी ही अंडी माणसं उकरून नेत, कुत्री-कोल्ही खात. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने इथे काम सुरू केलं. अंडी उचलून, जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोल खड्ड्यात ठेवायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. गावकऱ्यांना पटायला वेळ लागला. अंडी गोळा करणाऱ्या हातांनीच ती राखायची होती ना! पण २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावात राहू-जेवू लागले आणि कासव जिवंत राहण्यात घरोघरी फायदा दिसू लागला. ही गोष्ट मला किल्ल्यापेक्षा मोठी वाटते.

साधारण पन्नास दिवसांनी वाळू हलते. खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळी ती उचलली की खाली तळहातावर मावतील एवढी काळपट पिल्लं! त्यांना पाण्यापासून थोडं दूर सोडतात. ती पडतात, उलटतात, पुन्हा चालतात. उजेड दिसेल तिकडे जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. निसर्गात तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो. हॉटेलांचे, मोबाइलचे दिवे मागे लागले, तर ती भलतीकडे निघतात. म्हणून तिथे फ्लॅश आणि टॉर्च अजिबात नको.

इथून ती कुठे जातात? जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. त्याहून मोठी गंमत २०२५ च्या जानेवारीत झाली. वेळासच्या दक्षिणेला गुहागरच्या किनाऱ्यावर आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची खूण सापडली, क्रमांक ०३२३३. ती खूण होती ओडिशातली, २०२१ साली मारलेली! म्हणजे बंगालच्या उपसागरातून निघून, भारताचं टोक वळसा घालून, कमीत कमी साडेतीन हजार किलोमीटर पोहत ती अरबी समुद्राच्या या किनाऱ्यावर आली. महाबळेश्वरच्या देवळात एका कुंडात पडणारं पाणी ज्या दोन समुद्रांत वाटलं जातं, ते दोन्ही समुद्र या एका कासवाने पालथे घातले.

वेळासला जायचं तर फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत. मंडणगडहून रस्ता आहे, किंवा माणगाव स्टेशनला उतरून श्रीवर्धनकडून, फेरीबोटीने. गावातल्या घरांत राहायची सोय होते, आधी कळवून जा. आणि एक सांगून ठेवतो. पिल्लं दिसतीलच याची हमी नाही. टोपली उचलली आणि खाली नुसती वाळू, असंही होतं. तेव्हा तोंड पाडून बसू नका. ओहोटी लागली असेल तर ओल्या वाळूवर जरा वाकून बघा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या आणि त्यांची फुलासारखी नक्षी दिसेल. ती बारक्या खेकड्यांनी केलेली असते. वाळूतलं खायचं तेवढं काढून घेऊन उरलेल्या वाळूची गोळी करून ते बाजूला टाकतात. श्वास रोखून दोन मिनिटं अगदी न हलता उभे राहिलात, तर ते बाहेर येतात. हललात की गेले!